मुंबईहून आलेला अध्यक्ष

पार्टी सत्तेत असली की कार्यकर्त्याला बोलायला वेळ नसतो आणि पार्टी साफ हरली की बोलायला तोंड नसतं. आमची पार्टी सोलापुरात या दोन्हीच्या मधे कुठंतरी वर्षानुवर्षं अडकून पडलीय, त्यामुळं आमच्याकडं वेळही आहे आणि तोंडही. सकाळी ऑफिसात येऊन बसायचं, एकच पेपर चौघांत वाटून वाचायचा, चहा मागवायचा आणि कालचा किस्सा आज थोडा वाढवून सांगायचा. त्यात गेल्या उन्हाळ्यात आमचा शहराध्यक्ष बदलला. तेव्हापासून किस्से इतके साठलेत की कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही.

मी एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. पार्टीत मला नावानं कुणी हाक मारत नाही, ‘कंडक्टर’च म्हणतात. सभेत माइक माझ्याकडं असतो, कारण तो बंद पडला तरी माझा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जातो. आमचं ऑफिस पूर्व भागात, एका टॉवेलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तर ऐका.

*

पहिल्यांदा आमची निवडणूक कशी व्हायची ते सांगतो, म्हणजे पुढचा संताप कळेल.

आमच्या शहरात अध्यक्ष शेंगांवर निवडला जायचा. चेष्टा नाही करत. पार्टी नवीन होती तेव्हा निम्म्या सभासदांना लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांचं अक्षर सगळ्यांना ओळखू यायचं. मग गुप्त मतदान कसं करायचं? कुणीतरी तोडगा काढला. प्रत्येक सभासदाला भुईमुगाची एक भाजलेली शेंग द्यायची. उमेदवार दोन, मडकी दोन. मूठ मिटून दोन्ही मडक्यांत हात घालायचा आणि हव्या त्या मडक्यात शेंग सोडायची. कुठं सोडली ते बापाला कळत नाही. मोजणी झाली की त्याच शेंगा गुळाबरोबर सगळ्यांनी मिळून खायच्या. हरलेल्यानंसुद्धा.

दर वेळी उभे राहायचे दोघं. एक आमचे अण्णा, कन्नड घरातले, किराणा दुकानदार, अंगानं आणि आवाजानं भरभक्कम. दुसरे वकीलसाहेब. अण्णा दर वेळी जिंकायचे आणि वकीलसाहेब दर वेळी मोजणीवर हरकत घ्यायचे. एका वर्षी त्यांच्या मडक्यात तीन दाण्यांची लांबलचक शेंग निघाली. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, “ही तीन मतं धरा. शेंग हे वेष्टन आहे, मत म्हणजे दाणा.” अण्णांनी शांतपणे ती शेंग उचलली, फोडली आणि दाणे तोंडात टाकले. म्हणाले, “आता काय धरायचं ते माझ्या पोटात येऊन धरा.”

आणखी एका वर्षी एक शेंग कमीच भरली. शोधाशोध झाली. शेवटी आमचा व्यंकटेश, यंत्रमागवाला, तेलुगू घरातला, कबूल झाला की रांगेत उभा राहून भूक लागली म्हणून त्यानं स्वतःचं मत खाल्लं. “पण अण्णांनाच होतं,” तो पोटावर हात ठेवून सांगत होता. अण्णा त्याच्यावर वर्षभर खूश होते.

अशी आमची लोकशाही. हसा तुम्ही, पण तिच्याबद्दल कधी कुणी कोर्टात गेलं नाही. वकीलसाहेबसुद्धा.

*

गेल्या उन्हाळ्यात अण्णांनी जाहीर केलं, “मी आता उभा राहत न्हाय. नसीमआपा उभ्या राहतील.”

आपा म्हणजे आमच्या ऑफिसचा खरा कणा. तरुणपणी बिड्या वळायच्या, तेव्हापासून पार्टीत. कुणाचं रेशन कार्ड अडलं, कुणाला सिव्हिलमध्ये खाट मिळेना, कुणाच्या पोरीला सासरी त्रास, माणूस आमच्या जिन्यावर चढायचा तो आपांचं नाव घेतच. अध्यक्ष कोण आहे हे निम्म्या लोकांना माहीतही नसायचं. आपांनी इतक्या वर्षांत काही मागितलं नाही. वकीलसाहेबांनी त्यांच्यासाठी माघार घेतली. पण आमच्या नियमाप्रमाणं उमेदवार एक असला तरी मडकी दोन लागतात, एक ‘हवा’चं आणि एक ‘नको’चं.

आदल्या दिवशी आपा माझ्याजवळ बसून म्हणाल्या, “कंडक्टरभाऊ, मला खुर्चीचं काय नाय. पण एवढी वर्षं राबले. लोकांच्या मनात आपण आहोत का नाय, ते एकदा कळायला पाहिजे की. माझ्या मडक्यात किती पडतात तेवढं बघायचंय मला.”

मी म्हटलं, “मडकं फुटंल आपा.”

दुसऱ्या दिवशी आपा नवी साडी नेसून आल्या. मडकी धुऊन ठेवलेली. सगळ्यांच्या हातात एक-एक शेंग. रांग लागली. पुढं अण्णा, त्यांनी मूठ मिटलीसुद्धा, आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजले.

ग्रुपवर मेसेज होता. मुंबईहून. शहराध्यक्षपदी युवा नेते धैर्यशीलदादा यांची नियुक्ती, हार्दिक अभिनंदन, खाली फोटो. फोटोत एक गोरंगोमटं पोरगं हात जोडून उभं. कोण हे? कुणालाच माहीत नाही. वकीलसाहेबांनी दोन-तीन फोन केले तेव्हा कळलं की नातेपुत्याकडचं मोठ्या घरातलं पोरगं आहे, पार्टीत येऊन महिनासुद्धा झाला नाही, आणि सोलापुरात त्याचं स्वतःचं घरसुद्धा नाही.

मग जो गोंधळ उठला. “हे काय राजेशाही हाय व्हय?” अण्णा ओरडले. वकीलसाहेब पार्टीची घटना तोंडपाठ म्हणायला लागले. व्यंकटेश टेबल बडवत होता. मीही घसा फोडून ओरडलो, खालच्या टॉवेलवाल्यानं वर येऊन बघितलं. आणि या सगळ्या आरडाओरड्यात ग्रुपवर टिंग टिंग चालूच. मी फोन बघितला. ‘अभिनंदन दादा’. ‘हार्दिक अभिनंदन दादा’. ‘योग्य निवड’. सगळी आमच्याच खोलीतली माणसं. सगळ्यात पहिला मेसेज व्यंकटेशचा, वर तीन पुष्पगुच्छ.

“चुकून हात लागला,” व्यंकटेश म्हणाला.

“तीनदा?” मी विचारलं.

तेवढ्यात सगळ्यांना आपांची आठवण झाली. त्या मडक्याजवळ उभ्या होत्या. म्हणाल्या, “मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? लई वाईट वाटलं.” मग त्यांनी पदर खोचला आणि गूळ फोडायला घेतला. “शेंगा आणल्यात तर खा आता. वाया का घालवायच्या?”

आम्ही खाली माना घालून शेंगा खाल्ल्या. अण्णांनी जाताना आपांपुढं हात जोडले आणि शब्द दिला, “आपा, ही नेमणूक मी बदलून आणतो. तुमी काळजी करू नका, आमी समदे हाय तुमच्या मागं.” आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या.

*

नव्या अध्यक्षांचा ऑफिसला पहिला फोन मीच घेतला. “नमस्कार, मी धैर्यशील. पार्टी ऑफिसचा पत्ता सांगता का जरा?”

आता शहराध्यक्षानं शहरातल्या पार्टी ऑफिसचा पत्ता विचारायचा म्हणजे काय? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सवय वाईट. तोंडातून निघालं, “पुढच्या स्टॉपला उतरा.” तो “थँक्यू” म्हणाला आणि फोन ठेवला. कुठून कुठं फिरला माहीत नाही, दोन तास उशिरा पोचला.

त्या दिवशी स्वागत होतं. स्वागत टाळता येत नव्हतं, कारण मुंबईला फोटो पाठवायचे होते. आता आमच्याकडं सत्काराला शाल नसते, चादर असते. सोलापुरात राहून शाल घालायची म्हणजे आपल्याच गावाचा अपमान. पाहुणा जेवढा मोठा तेवढी चादर जाड. मग अण्णांनी गुप्त बैठक घेऊन ठरवलं, “निषेध म्हणून कुणीबी चादर घालायची न्हाय. प्रत्येकानं नॅपकिन द्यायचा. हात पुसायचा नॅपकिन. त्याला कळू दे सोलापूर काय चीज हाय.” सगळ्यांना ही कल्पना फार आवडली.

दादा आले. पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. ऑफिसचा पंखा नेमका बंद. मी माइकवर नावं पुकारायला लागलो. पहिले अण्णा. अण्णा पुढं गेले, हातात नॅपकिन होता, मी बघितलाय. पण दादांसमोर उभे राहिल्यावर त्यांनी तो खिशात घातला आणि काखेतल्या पिशवीतून ही एवढी जाड जेकार्डची चादर काढली. आम्ही बघतच राहिलो. त्यांच्या मागून वकीलसाहेब. त्यांच्याही पिशवीत चादर. व्यंकटेशनं तर स्वतःच्या मागावरची डबल चादर आणलेली, उचलायला दोन विणकर बरोबर घेऊन. ज्याच्या त्याच्या हातात नॅपकिन आणि पिशवीत चादर, न जाणो लागली तर! आता तुम्ही विचाराल माझं काय. मी माइकवर होतो, तरी एका हातानं घातलीच.

एप्रिलचं ऊन, पत्र्याची खोली, आणि पोरगं चादरींच्या ढिगात उभं. फक्त नाक दिसत होतं. शेवटी आपा उठल्या. “अरे, पोराला श्वास तर घेऊ द्या,” म्हणत त्यांनी चादरी बाजूला केल्या, पाण्याचा तांब्या दिला आणि हातावर नॅपकिन ठेवला. ठरल्याप्रमाणं नॅपकिन आणणाऱ्या आणि तोच देणाऱ्या त्या एकट्याच.

दादांनी त्याच नॅपकिननं तोंड पुसलं, मान पुसली. म्हणाले, “आज सगळ्यात हेच कामाला आलं.”

*

चादरींचा प्रकार सगळ्यांच्याच मनाला लागला होता. त्यामुळं आता जाहीर निषेध करायचं ठरलं. काळ्या फिती लावून ऑफिसच्या जिन्यावर बसायचं, पेपरवाल्यांना बोलवायचं. फितींची जबाबदारी व्यंकटेशनं घेतली. “कापड माझ्या घरचं,” असं छातीवर हात मारून म्हणाला.

सकाळी तो फिती घेऊन आला. काळ्या होत्या, नाही असं नाही. पण दोन्ही बाजूंना सोनेरी जरीचा काठ.

“हे काय रे?” अण्णांनी विचारलं.

“काळ्यात एवढंच शिल्लक होतं. लग्नाच्या ऑर्डरचं उरलेलं आहे.”

दुसरं काही मिळेपर्यंत पेपरवाले येऊन उभे राहिले. मग तेच बांधलं. आम्ही जिन्यावर ओळीनं बसलो तर निषेधाला बसलोय का नवरदेवाकडून आलोय, कळेना. रस्त्यानं जाणारा एक जण वर बघून विचारून गेला, “जेवणं कधी आहेत?”

तेवढ्यात खाली गाडी थांबली. दादा उतरले. आम्ही घोषणा थांबवल्या. थांबवल्या म्हणजे घशातच राहिल्या. दादा जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहून विचारतात, “कशाचा कार्यक्रम आहे?”

अण्णांवर सगळ्यांच्या नजरा. अण्णा खाकरले. “म्हणजे कसं हाय, दादा... नेमणूक लोकशाही पद्धतीनं झाली न्हाय, त्याचा निषेध. तुमच्याबद्दल काय न्हाय. पद्धतीबद्दल हाय.”

दादांनी एकेकाच्या दंडावरची फीत बघितली. मग म्हणाले, “पद्धत चुकलीच आहे की. मला पण मेसेज बघूनच कळलं. मोडनिंबजवळ हॉटेलात जेवत होतो.” आणि व्यंकटेशपुढं दंड केला. “मला पण एक बांधा.”

आता काय करायचं? व्यंकटेशनं बांधली. दादा आपांच्या शेजारी पायरीवर बसले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, आणि मधोमध दादाच, दंडावर जरीची काळी फीत. बातमीत लिहिलेलं, ‘नवे अध्यक्ष कार्यकर्त्यांसह आंदोलनात’.

अण्णा तो पेपर टेबलावर आपटून म्हणाले, “पोरगं येडं हाय का लई चालू हाय, तेच कळंना.” आमचंही तेच मत पडलं.

*

मग एकच रस्ता उरला. सामूहिक राजीनामे.

सगळ्यांनी लिहिले. वकीलसाहेबांनी मजकूर सांगितला, ‘स्वाभिमान’ हा शब्द प्रत्येकात दोनदा आला पाहिजे असा त्यांचा आग्रह. आपांनी मात्र दिला नाही. “मी कशाला सोडू? पार्टी काय त्या मुंबईवाल्यांनी आणून दिलीय मला?” असं म्हणून त्या सिव्हिलला निघून गेल्या, कुणाचं तरी ऑपरेशन होतं.

राजीनामे तयार झाले आणि मग प्रश्न आला, द्यायचे कुणाकडं? वकीलसाहेबांनी घटना चाळली. शहरातल्या कार्यकर्त्यानं राजीनामा शहराध्यक्षाकडं द्यायचा असतो. म्हणजे दादांच्या विरोधातले राजीनामे दादांच्याच हातात.

गेलो. काय करणार? अण्णांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. दादांनी वरचा वाचला, मग आमच्याकडं बघितलं. “मी नवीन आहे,” म्हणाले. “हे आले की काय करायचं असतं? लगेच सही करून मुंबईला पाठवायचे असतात का?”



“लगेच असं काही नसतं,” वकीलसाहेब म्हणाले. “विचार करायचा असतो. सावकाश.”

दादांनी गठ्ठ्यावर पेपरवेट ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून बघा मजा. अण्णा आले, “दादा, माझ्या त्याच्यात तारीख चुकलीया, जरा बदलून आणतो,” म्हणून स्वतःचा राजीनामा काढून घेऊन गेले. वकीलसाहेबांना शेवटचा परिच्छेद आणखी कडक करायचा होता, ते घेऊन गेले. माझी सही नीट उमटली नव्हती. एकेक करत गठ्ठा बारीक होत गेला आणि दुरुस्त होऊन एकही परत आला नाही.

राहिला फक्त व्यंकटेशचा. तो विसरलाच होता. एक दिवस दादांनीच घडी करून त्याच्या खिशात ठेवला. म्हणाले, “काका, तुमचा तेवढा राहिलाय.”

*

अण्णांचा मात्र खरा राग मनात होता आणि तो त्यांनी कसा काढला ते ऐका.

अक्कलकोट रोडच्या एका वस्तीत सभा होती. तिथं निम्मी माणसं कन्नड बोलणारी. दादांना वाटलं, सुरुवातीला दोन शब्द कन्नडमध्ये बोलावेत. ते अण्णांकडं गेले. “अण्णा, ‘तुमच्या सेवेसाठी आलोय’ हे कन्नडमध्ये कसं म्हणायचं?”

अण्णांच्या डोळ्यांत मला काहीतरी चमकलेलं दिसलं. ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “ननगे एनू गोत्तिल्ला. हात जोडून म्हणायचं. आणि जोरात.”

दादांनी वाटभर गाडीत पाठ केलं. मला कन्नड थोडंफार येतं, अक्कलकोटच्या गाडीवर इतकी वर्षं काढलीत. पण मी गप्प बसलो.

सभा सुरू झाली. दादांनी माइक घेतला, हात जोडले आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हणाले, “ननगे एनू गोत्तिल्ला!”

म्हणजे, मला काही माहीत नाही.

मग मागच्या बाजूनं एका म्हातारीनं टाळी वाजवली. तिच्या शेजारणीनं वाजवली. बघता बघता सगळी वस्ती टाळ्या वाजवायला लागली, पोरं शिट्ट्या मारायला लागली. एक म्हातारा उठून कन्नडमध्ये म्हणाला, “इतके पुढारी येऊन गेले, खरं बोलणारा हा पहिलाच.” त्यानंतर दादा काय बोलले ते कुणी ऐकलंच नाही, नुसत्या टाळ्या.

परत येताना अण्णांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आपांनी गाडीतच दादांना अर्थ सांगून टाकला, त्यांना असली चेष्टा आवडत नाही. आम्हाला वाटलं, आता पोरगं भडकणार. दादा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “चुकीचं काय शिकवलं मग?”

*

एवढं सगळं मुंबईला कळायचं राहतं होय? तिथून एक निरीक्षक आले. सरकारी विश्रामगृहात उतरले आणि निरोप धाडला, ‘प्रत्येक कार्यकर्त्याला एकेकट्याला भेटणार. नेमणूक मान्य आहे का, नसेल तर कोण हवं, ते मोकळेपणानं सांगा. बहुतेकांचं एकच नाव आलं तर वरती विचार होईल.’

अण्णा नुसते उसळले. “आपा, बघा, आता होतंय का न्हाय! उद्या समदे तुमचंच नाव घेणार.” आदल्या संध्याकाळी ऑफिसात सगळ्यांनी चहा पिऊन शब्द दिला. आपा दुसऱ्या दिवशी तीच नवी साडी नेसून आल्या.

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात आम्ही बसलो. दार बंद. एकेक जण आत जायचा आणि बाहेर यायचा. अण्णा बाहेर आले ते मिशीवरून हात फिरवत. “टेबलावर हात आपटला मी. कप सांडला त्यांचा.” वकीलसाहेब आले. “घटनेचं कलम तोंडावर फेकलं. गप्प झाला माणूस.” व्यंकटेश आला. “मी तर तेलुगूत शिव्या घातल्या.”

“त्यांना कळल्या का?” मी विचारलं.

“म्हणून तर तेलुगूत घातल्या.”

मीही आत जाऊन आलो. “डबल बेल मारूनच आलो,” असं मी सांगितलं आणि सगळे हसले. मग दादांना बोलावलं. ते बराच वेळ आत होते. बाहेर आले ते आमच्याकडं न बघता सरळ गेटजवळ गाडीपाशी जाऊन उभे राहिले. “झाडलेला दिसतोय,” वकीलसाहेब हळूच म्हणाले. उमेदवार म्हणून आपांना सगळ्यात शेवटी बोलावलं.

आपा बाहेर आल्या आणि आमच्यात येऊन बसल्या. चहा आलेला होता.

“काय म्हणले, आपा?” अण्णांनी विचारलं.

“साहेब चांगले आहेत. म्हणाले, नेमणूक कायम आहे. कार्यकर्ते सगळे खूश आहेत म्हणे.”

“खोटं!” आम्ही सगळे एकदम म्हणालो.

“मी म्हटलं, साहेब, तेवढं एक सांगा. माझं नाव किती जणांनी घेतलं?”

हातातले कप हातातच राहिले.

“मग?”

“म्हणाले, एकानं.”

अण्णांनी कप खाली ठेवला. “तो मीच, आपा.”

“असं कसं अण्णा?” वकीलसाहेब उठलेच. “आपांचं नाव मी घेतलं. कलमासकट घेतलं.”

“आईची आण, मी घेतलं,” व्यंकटेशनं गळ्याची कातडी धरली.

“मी तर दारातूनच घेतलं,” मी म्हणालो, आणि माझा आवाज गेटपर्यंत गेला.

“तू घेतलंस?” अण्णा माझ्यावर आले. “मग आकडा दोन व्हायला पायजे की!”

“आणि मी घेतलं असतं तर तीन झाला असता!” व्यंकटेश म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्यालाच उशिरा कळलं.

आपा प्रत्येकाचं तोंड बघत शांतपणे चहा पीत होत्या. कप रिकामा करून त्यांनी बाजूला ठेवला. म्हणाल्या, “असू दे. एक तर एक. मला लई बरं वाटलं.”

वकीलसाहेबांना राहवलं नाही. “आपा, त्यांनी नाव सांगितलं का?”

“सांगितलं की.”

आपांनी चपला घातल्या, पदर सारखा केला आणि गेटकडं बघून हाक मारली, “धैर्यशील, गाडी काढ बाळा. मला घरी सोड.”